तळाला राहिलेलं तेल

मागचं चाक फिरायचं थांबलं, पण गाडी थांबली नाही. घाटाचा उतार, सडकेवर नवी खडी, आणि जाम झालेल्या चाकावर आम्ही दोघं घसरत कठड्याकडे चाललो होतो. अशा वेळी डाव्या हाताने क्लच दाबायचा असतो. क्लच दाबला की इंजिन बाजूला पडतं, चाक मोकळं होतं, माणूस वाचतो. हे मला यांनीच सांगितलं होतं. यांचा डावा हात क्लचवरून निघाला, मागे आला आणि माझ्या बरगडीत जोरात बसला. मी घाणेरीच्या झुडपात पडले. गाडी कठड्याला धडकली. यांचं डोकं दगडावर आपटलं.

पुढे लोकांनी त्या हाताचं फार कौतुक केलं. बायकोला वाचवून गेला म्हणाले. बायका माझ्याकडे पाहून पदर डोळ्याला लावायच्या. मी मनात म्हणायचे, क्लच दाबला असता तर दोघं वाचलो असतो.

मार्गशीर्ष लागला की हे सगळं परत येतं. मी बोलावत नाही. आम्ही जानेफळचे, म्हणजे घाटावरचे. घाटाखाली खामगावात माणसं नुसत्या सदऱ्यावर हिंडत असतात तेव्हा आमच्याकडे खोबरेलाची बाटली चुलीजवळ ठेवावी लागते. नाहीतर तेल गोठतं, आणि बाटली पालथी केली तरी थेंब पडत नाही. सकाळी बायका कापूस वेचायला निघतात. दव वाळेपर्यंत बांधावर बसून राहतात, कारण ओला कापूस वेचला तर काळा पडतो. त्या बसल्या की बोलतात. मी आता वेचायला जात नाही, पण दारात बसले की त्यांचं बोलणं ऐकू येतं. या दिवसांत मला त्या बोलण्याच्या मागे एक वास येतो. जळक्या एरंडीच्या तेलाचा. आता तो वास कुठेच नसतो. तरी येतो.

आमची फटफटी लढाईच्या वेळची होती. लष्कराने भंगारात काढलेल्या गाड्यांचा लिलाव झाला, तिथून यांनी आणली. बारकी, हिरवट, गियरचा दांडा टाकीजवळ, हाताने बदलायचा. विमानातून छत्री बांधून खाली टाकायची गाडी आहे असं हे सगळ्यांना सांगायचे. कोणी विश्वास ठेवला नाही. माझी सासू म्हणाली, "वरतून पडलेली वस्तू कोनी घरात आनते काय?"

हे विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचे. दहा-बारा गावं फिरायची म्हणून गाडी. ती एकट्या माणसासाठी केलेली होती. यांनी तिला दोघांची केली. मागच्या चाकाची दातेरी चक्री मोठी करून बसवली, म्हणजे दोघांना घेऊन घाट चढेल. मागची सीट घरी बनवली. तिच्यातला कापूस मी भरला, सरकी हाताने काढून. मग एक दिवस यांनी इंजिन उघडलं आणि सिलेंडरच्या आतल्या खिडक्या कानशीने घासायला बसले. त्या इंजिनाला झडपा नसतात. सिलेंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, एकीतून पेट्रोल येतं, दुसरीतून धूर जातो. त्या जरा रुंद केल्या की गाडीला दम येतो. बारीक कानस, तीन दिवस, ओसरीवर पाठ वाकवून. घासायचे, बोट फिरवायचे, परत घासायचे. माझे थोरले दीर येऊन उभे राहिले. म्हणाले, "साहेबाच्या देशातल्या कारखान्यानं बनवेल हाय ते. तू काय त्याच्यापेक्षा शाहना हायेस बे?"

हे म्हणाले, "त्यायले हा घाट कुठी माहीत होता, दादा?"

ते काम उत्तम झालं होतं. गाडी घाट चढताना आधी कण्हायची, नंतर कण्हायची बंद झाली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. खाली कामाला येईल.

अशा गाडीत तेलाला वेगळी जागा नसते. पेट्रोलातच तेल मिसळायचं, ते पेट्रोलाबरोबर आत जातं आणि पिस्टनला लागतं. विकतचं तेल अकोल्याहून यायचं, कधी यायचंच नाही. माझं माहेर खामगावचं. बाबा तेलगिरणीत होते. ते एरंडीचं तेल द्यायचे आणि हे तेच वापरायचे. इंजिनाला त्याहून चांगलं तेल नाही म्हणायचे. एकच खोड होती. एरंडीच्या तेलाचं आणि पेट्रोलाचं थंडीत पटत नाही. रात्री मिसळून ठेवलं तर सकाळी तेल तळाला आणि पेट्रोल वर.

म्हणून डबा हालवायचा. ते काम माझं. वनस्पती तुपाचा मोठा डबा होता, घट्ट झाकणाचा. सकाळी अंगणात उन्हाच्या पट्ट्यात उभं राहून दोन्ही हातांनी तो हालवायचा, हात भरून येईपर्यंत. मग झाकण काढून बघायचं. गुळाच्या पाण्यासारखा एकच रंग दिसला की झालं. मग हे यायचे, डब्याला हात लावायच्या आधी विचारायचे, "डबा हालवला काय वं?"

"हालवला."

मग टाकीत ओतायचे. चार वर्षांत एक दिवस असा गेला नाही की यांनी विचारलं नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "रोज काय विचारता? रोजच तं हालवतो मी." तर म्हणाले, "तू हालवतं म्हनून विचारतो." याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, आताही नीट लागत नाही.

प्लगचं कामही माझ्याकडे होतं. तेल जास्त झालं की प्लगवर काजळी बसते. तो चुलीतल्या निखाऱ्यात भाजायचा, मग तारेच्या ब्रशने घासायचा. भरतासाठी वांगी भाजायला ठेवली की बाजूला प्लग ठेवायचे. भरताला कधी वास लागला नाही. सासूला मात्र लागायचा. आमची पोरगी सुमी तेव्हा पाच वर्षांची. ती वांगं आणि प्लग दोन्ही चिमट्याने उलटायची आणि म्हणायची, "बाबाचं वांगं शिजलं."

धुराची नळी वर्षाला एकदा काजळीने भरते. ती कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळली की साफ होते. त्या वर्षी दिवाळीच्या आधी मी जिनिंगला सरकी आणायला गेले होते. परत आले तर अंगणात तीन दगडांवर माझा जर्मलचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, गंज चढवलेला. गंज म्हणजे आमच्याकडे मोठं पातेलं. माझ्या आईने लग्नात दिलेला, पंचवीस माणसांची भाजी व्हायची त्याच्यात. त्यात नळी उकळत होती. सोडा लोखंडाला काही करत नाही, जर्मलला खातो. यांना हे माहीत असायला पाहिजे होतं. माहीत असेलही, विसरले असतील. नळी चकचकीत झाली आणि गंजाच्या बुडातून पाणी गळून विस्तव विझला.

मी गंज उचलून उन्हाकडे धरला. बुडातून ऊन आलं. हे म्हणाले, "नवा आनू." मी म्हटलं, "माय नवी आनान काय?" कारण आई त्याच वर्षी गेली होती. तिथून अबोला.

अबोला म्हणजे आमच्याकडे बोलणं बंद होतं, काम बंद होत नाही. भाकर वेळेवर, अंघोळीचं पाणी वेळेवर. निरोप पोरांच्या हाती. मी म्हणायचे, "सुमे, तुह्या बाबाले सांग, भाकर थंडी होऊन राह्यली." बाबा दोन हातांवर बसलेला. सुमी जाऊन सांगायची. ते म्हणायचे, "मायले सांग, येतो." सुमी येऊन सांगायची, "बाबा म्हनते येतो, अन् बाबा म्हनते सुमीले गूळ दे." गूळ बाबा म्हणालेला नसायचा. मी द्यायचे. ते पाहून हे मिशीत हसायचे आणि मी पाठ फिरवायचे. असा अबोला वाईट नसतो. मधलं माणूस असलं की नवराबायको बोलतच असतात.

डब्याचं विचारणंही सुमीमार्फत चाले. "सुमे, मायले विचार, डबा हालवला काय." "हालवला म्हना." ती दोघांमध्ये पळत राहायची.

दिवाळीनंतर माझा भाऊ आला आणि सुमीला खामगावला घेऊन गेला. आजोबा एकटे आहेत, पोरगी राहील पंधरा दिवस. अबोला आमच्याकडेच राहिला, निरोप्या गेला. सासू होती, पण ती म्हणाली, "मी काय तुमची टपालवाली हाय?" आणि सख्ख्या बहिणीकडे निघून गेली. मग हे गाडीशी बोलायला लागले. गाडी पुसता पुसता म्हणायचे, "सांग वं तिले, आज लोणीकडं जाऊन राह्यलो, उशीर होईन." मी चुलीला सांगायचे, "जा म्हना." यात मजाही होती. मी खोटं कशाला बोलू, मला ती मजा आवडायला लागली होती. कोण आधी तोंड उघडतं ते पाहायचं होतं.

डब्याचं मात्र यांनी गाडीला कधी विचारलं नाही. मी हालवून ठेवायचे, ते येऊन उभे राहायचे, डब्याकडे बघायचे, मी पदराने हात पुसायचे. ते पाहून ते समजायचे.

मग सुमीला आणायला जायचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी मी तेल कोमट करून पेट्रोलात घातलं, डबा ओसरीवर ठेवला. पहाटे एवढी थंडी होती की डब्याच्या झाकणावर दव. मी डब्यापाशी गेले आणि थांबले. मनात आलं, आज आधी विचारू दे. सुमी घरी आली की परत तीच मधे पडेल आणि हे कधीच सरळ बोलणार नाहीत. आज एकदा विचारलं, "डबा हालवला काय वं?" एवढंच, तर मी म्हणेन, "हालवतो," आणि गंजाचा विषय संपला. मी डबा तसाच ठेवला आणि दोन पावलांवर बसून सुमीसाठी केलेल्या सांज्याच्या पोळ्या फडक्यात बांधायला लागले.

हे आले. डब्यापाशी उभे राहिले. घसा खाकरला. मी गाठ मारत होते, ती मी दोनदा सोडून मारली. मग त्यांनी डबा उचलला आणि ओतला.

चार वर्षांत मी चुकले नव्हते. ते का हालवून बघतील? त्यांना वाटलं नेहमीसारखा हालवलेला आहे.

रिकामा डबा मी ठेवायला घेतला तर जड लागला. आत पाहिलं. तळाला बोटभर तेल, पिवळं, घट्ट, पाकासारखं. वरचं नुसतं पेट्रोल टाकीत गेलं होतं.

आता ही गोष्ट नीट सांगते. मला कळलं नाही असं नाही. मला सगळं कळलं. तेल कमी पडलं की पिस्टन तापून सिलेंडरला धरतो, चाक जाम होतं. हे एकदा आधी झालं होतं, सपाटीच्या सडकेवर. यांनी क्लच दाबला, गाडी आपोआप थांबली, आम्ही दहा मिनिटं लिंबाखाली बसलो, इंजिन थंड झालं, किक मारली, निघालो. त्या दहा मिनिटांत यांनी मला क्लचचं समजावून सांगितलं होतं. मला ती दहा मिनिटं पाहिजे होती. गाडी वाटेत जाम होईल, हे क्लच दाबतील, लिंबाखाली बसावं लागेल, आणि आजूबाजूला गाडीशिवाय तिसरं कोणी नसेल. तेव्हा विचारतील. मी सांगेन. ते रागावतील. रागावणं म्हणजे बोलणंच.

मी डबा कोपऱ्यात ठेवला आणि मागे बसले.

टाकीत आधीचं हालवलेलं थोडं होतं, त्यावर गाडी बरीच चालली. सडकेवर ठिकठिकाणी खडीचे ढीग. राज्य नवं झालं होतं, सडका रुंद होत होत्या. कापसाच्या बैलगाड्या एकामागे एक खामगावच्या रस्त्याला लागलेल्या, पांढरे डोंगर हळूहळू सरकत होते. बैलांच्या नाकातून वाफा. आम्ही बाजूने जायचो तेव्हा गाडीवाले जळक्या एरंडीच्या वासाने नाक धरायचे. घाटाच्या तोंडाशी तो वास कमी झालेला मला जाणवला. धूरही नव्हता. मागे वळून पाहिलं तर स्वच्छ हवा.

मी घाबरले. मी यांच्या पाठीवर हात ठेवला, सांगायला. उतार आहे, इथे नको, थांबा म्हणायला. माझा हात लागल्यावर ते जरा सरळ झाले. महिनाभरात मी त्यांना हात लावला नव्हता. त्यांना वाटलं मी उताराला भ्यायले. मान न वळवता गाडीला म्हणाले, "सांग तिले, धरून बस म्हना."

अजून गाडीलाच सांगतात. मला राग आला आणि मी तोंड मिटलं. फार नाही, पुढच्या वळणापर्यंत. पुढच्या वळणावर चाक थांबलं.

मागून येणाऱ्या कापसाच्या गाडीवाल्याने यांना वर चढवलं. म्हातारा माणूस होता. कापूस लाल झाला वगैरे मी लिहिणार नाही. कापसाला काही झालं नाही. डोक्याला आतून लागलं होतं. नाकातून थोडं आलं, मी पुसलं. हे डोळे उघडे ठेवून आभाळाकडे पाहत होते. बैल घाट उतरत होते, गाडी हलत होती. माझं गळ्याचं हाड मोडलं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "डबा नाही हालवला मी. अहो, डबा नाही हालवला."

गाडीवाला वळून म्हणाला, "कोनता डबा वं बाई? मागं राह्यला काय?"

मी म्हटलं, "नाही."

घाट उतरून सपाटी लागली तेव्हा ते गेलेले होते. नक्की कुठे, ते मला सांगता येत नाही. मी बोलत होते.

तेराव्याला थोरले दीर सगळ्यांसमोर म्हणाले, "इंजनात कानस घातली. कारखान्याच्या वस्तूले हात लावला. मंग हे होईन नाही तं काय?" माणसांनी माना हलवल्या. मी भिंतीला टेकून बसले होते. मोडलेलं हाड बांधलेलं होतं, तोंड बांधलेलं नव्हतं. मी बोलले नाही. सुमी माझ्या मांडीवर होती. बोलले असते तर तिला कळलं असतं, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटली.

मग गावात ती म्हणच झाली. कोणाचा पंप बिघडला, कोणाचं घड्याळ बंद पडलं, की म्हणायचे, "कानसवाल्याकडं देल्लं होतं काय?" ज्या माणसाने दहा गावांची इंजिनं चालती ठेवली त्याचं एवढंच नाव उरलं. सुमीला शाळेत पोरं कानसवाल्याची म्हणायची. ती घरी येऊन विचारायची, "बाबाले येत नव्हतं काय?" मी म्हणायचे, "येत होतं." ती विचारायची, "मंग काऊन जाम झालं?" मी म्हणायचे, "जेव."

सुमी शाळेत शिकवून रिटायर झाली. आता आम्ही दोघीच घरात. गाडी गोठ्यात ताडपत्रीखाली होती, साठ वर्षं. या वर्षी सुमीच्या मनात आलं, बाबांची गाडी चालू करू. आता अशा जुन्या गाड्यांना मान आहे म्हणे, लोक हौसेने ठेवतात. मेहकरहून एक मिस्त्री आला. हुशार माणूस, हाताने हळू. अंगणात पोतं पसरून त्याने इंजिन उघडलं. सुमी बाजूला, मी खुर्चीवर. त्याने पिस्टन काढून उन्हात धरला. दोन्ही बाजूंनी उभे ओरखडे, खोल.

"याच्यात तेलच नाही गेलं, मावशी," तो म्हणाला. "कोरडं चाललं हे." मग त्याने सिलेंडरमध्ये बोट घातलं, खिडक्यांवरून फिरवलं. परत फिरवलं. "या कोनं घासल्या? असं काम मशीनवर होत नाही."

सुमीने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. मिस्त्री पोत्यावर बसलेला होता, त्याच्यासमोरच सांगितलं, गंजापासून घाटापर्यंत. वेळ लागला नाही. साठ वर्षांची गोष्ट पाच मिनिटांची निघाली.

सुमी म्हणाली, "म्हंजे कानशीचं काही नव्हतं."

"नव्हतं."

"अन् तू लोकाईले बोलू देल्लं. मले बोलू देल्लं."

"हो."

ती उठून आत गेली. त्याला आज नऊ दिवस झाले. ती माझ्याशी बोलत नाही. चहा वेळेवर देते, गोळ्या वेळेवर देते, पाठीला तेल लावते. घरात तिसरं माणूस नाही.

काल मिस्त्रीने गाडी जोडून दिली. सुमीने नव्या तेलाची बाटली आणली आहे, ते पेट्रोलात विरघळलं की परत वेगळं होत नाही. बाटलीवर लिहिलं आहे, मी वाचलं. तिने डब्यात दोन्ही घातलं, झाकण लावलं आणि अंगणात उन्हाच्या पट्ट्यात उभी राहून डबा हालवायला लागली. मी म्हटलं, "हे तेल फुटत नाही वं, पुरे." ती हालवत राहिली. तिचेही खांदे आता दुखतात. मी परत म्हटलं नाही.

ती बोलत नाही म्हणून मी लिहिते. गावात वाचणारे आहेत, त्यांनीही वाचावं. यांची कानस बरोबर होती. चक्री बरोबर होती. गाडीत खोट नव्हती आणि घाटातही नव्हती. डबा मी हालवला नव्हता, आणि घाटाच्या तोंडाशी सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही. गाडीवर दोघं होतो. मी वाचले.